साहेबांना पाठवा, वहिनी!

मंगळवारची सकाळ. पावणेसात वाजलेले. आबा, म्हणजे माझे सासरे, पांढरा सदरा, टोपी घालून, काठी टेकवून सोप्यात तयार बसलेले. महिन्यातून एकदा त्यांना मिरजेला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला जावं लागतं. पडद्याचा आजार. एक डोळा जवळपास गेलेला, आता उरलेला सांभाळायचा. ‘तारीख चुकवायची नाही,’ असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी फाइल, डबा, पाण्याची बाटली घेऊन गाडीपाशी गेले, रिमोट दाबला, आणि काहीच झालं नाही. ना दिवा, ना ‘टक्’ असा आवाज. चावीच्या पोटातली छोटी किल्ली काढून दार उघडलं, तर आत अमावस्या!

शेजारची पोरं धावत आली. ‘काकू, ढकलूया!’ पण ही गाडी ऑटोमॅटिक. ती ढकलून चालू होत नाही, एवढंच काय, बॅटरी मेली की गिअर ‘पार्क’मधून हलतसुद्धा नाही, हे त्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं. शेवटी पुतण्याची व्हॅन मागवली. मिरजेला पोचेपर्यंत डॉक्टर ऑपरेशनला आत गेलेले. तीन दिवसांनंतरची तारीख घेऊन आम्ही परत तासगावला. वाटेत आबा एवढंच म्हणाले, ‘विकून टाकू गं ती. तुला उगाच ताप.’

मैत्रिणींनो, ते वाक्य मला फार लागलं. २०१५ साली बेदाण्याला भाव चांगला मिळाला, तेव्हा आबांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. २००८ची मर्सिडीज ई-क्लास, डिझेल. जन्मभर बैलगाडी, सायकल आणि ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाची ही एकच हौस. जर्मनीची म्हणतात खरी, पण १९९५ पासून या गाड्या आपल्या पिंपरीतच, टाटांच्या आवारात जोडल्या जायच्या. चाकणचा कारखाना झाला तो २००९ मध्ये. ‘आपल्या पुण्याची आहे,’ असं आबा सगळ्यांना सांगतात. आता त्यांना चालवता येत नाही. ‘हे’ नोकरीसाठी पुण्यात, शनिवार-रविवार येणार. तेव्हा गाडी चालवायची मी, आणि बंद पडली तर बघायचंही मीच.

बॅटरी बदलायची हे ठरलं. पण कुठली?

गावातल्या पहिल्या दुकानात मी गाडीचं नाव सांगितलं. दुकानदार हसून म्हणाले, ‘साहेबांना पाठवा, वहिनी. हे तुमचं काम नाही.’ दुसरीकडे तर फारच उत्साह! ‘सेल्फ मारायला काय लागतंय? ही टाका, जीपला बसते ती हिलापण बसते. निम्म्यात काम!’ मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण मग आठवलं, तीन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. तेव्हा ‘लावून टाका’ म्हटलं होतं आणि मी स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आले नव्हते. काय लावलंय ते आधी बघू तरी, म्हणून घरी आले.

या गाडीची बॅटरी बॉनेटखाली नसते, डिकीच्या तळाखाली असते. झाकण उचललं आणि बघतच राहिले. खाचा मोठा, बॅटरी लांडी. उरलेल्या जागेत लाकडाचा ठोकळा ठोकलेला. आणि एक बारीक रबरी नळी कशालाही न जोडता नुसती लोंबत होती.

ती नळी कशासाठी, हे नंतर सांगलीच्या एका जुन्या बॅटरीवाल्या काकांनी समजावलं. बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज होताना, तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. बॉनेटखाली वारा असतो, निघून जातो. डिकीत मात्र तो कोंडतो, आणि हायड्रोजन ठिणगीनं पेट घेणारा. म्हणून कंपनी नळी देते, वायू थेट गाडीबाहेर सोडायला. बॅटरी खराब होत आली की सडक्या अंड्यासारखा वासही येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू.

हे ऐकलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण गेले दोन-तीन महिने मागच्या सीटवर बसलेले आबा म्हणत होते, ‘गाडीत घाण वास येतोय गं.’ आणि आम्ही काय म्हणायचो? ‘आबा, तुम्हाला भास होतो.’ डोळ्यांनी दिसत नाही म्हणून नाकावरही विश्वास ठेवला नाही आपण! शांतपणे ऐकलं असतं, तर बॅटरीची तब्येत तेव्हाच कळली असती आणि तारीखही चुकली नसती.

काकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. त्यांनी ‘साहेबांना पाठवा’ म्हटलं नाही. जे कळलं ते तुमच्यासाठी इथे सांगते.

पहिली गोष्ट, प्रकार. साध्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या पातळ आम्लात बुडालेल्या असतात. आमच्या गाडीला एजीएम नावाची बॅटरी लागते. तिच्यात पट्ट्यांच्या मध्ये काचेच्या बारीक तंतूंची चटई असते, आम्ल तिच्यात शोषलेलं राहतं. आपल्या पोळ्यांच्या डब्यातल्या ओल्या फडक्यासारखं म्हणा ना! आम्ल डुचमळत नाही, वायू फारसा बाहेर पडत नाही, आणि बॅटरी थोडी जास्त उतरली तरी लवकर दगा देत नाही. किंमत साध्या बॅटरीच्या दुपटीजवळ जाते, हे खरं. पण नियम सोपा आहे. गाडी एजीएमवर जन्मली असेल, तर एजीएमच घ्यायची. नव्वदच्या दशकातल्या, साध्या बॅटरीवर आलेल्या गाड्यांना चांगली साधी बॅटरी पुरते, तिथे उगाच जास्त पैसे घालू नयेत.

दुसरी गोष्ट, माप. आमच्या खाच्याला ३५३ मिलिमीटर लांब, १७५ रुंद आणि १९० उंच अशी बॅटरी बसते. युरोपीय गाड्यांच्या या मापांना आपल्याकडे बाजारात ‘डिन’ म्हणतात. जपानी धर्तीच्या गाड्यांची मापं वेगळी. धन टोक डावीकडे की उजवीकडे, हेही बघावं लागतं, नाहीतर वायर पोचत नाही आणि मग ओढाताण सुरू होते. शिवाय बॅटरी तळाशी क्लॅम्पनं आवळलेली हवी. खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल बॅटरीच्या आतल्या पट्ट्या खिळखिळ्या होतात. ठोकळा हा उपाय नव्हे!

तिसरी गोष्ट, दोन आकडे. एक ‘एएच’, म्हणजे साठा किती. आमच्या गाडीचा ९५. हा पाण्याच्या टाकीचा आकार समजा. दुसरा ‘सीसीए’, म्हणजे थंडीत एका दमात किती अँपिअर प्रवाह देऊ शकते. आमच्यासाठी साधारण ८५०. हा नळाचा जोर. हा आकडा उणे १८ अंशांवर ठरवतात. आपल्याकडे कुठली एवढी थंडी? पण डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, ते फिरवायला जोर लागतोच. जुन्या बॅटरीवर या आकड्याच्या ठिकाणी भलताच लहान आकडा होता. आणि आपला खरा शत्रू थंडी नाही, ऊन! उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणाऱ्या गाडीतली बॅटरी लवकर म्हातारी होते.

चौथी गोष्ट, ताजेपणा. दूध घेताना तारीख बघतो ना आपण? बॅटरीवरही बनवल्याचा महिना-वर्ष असतं. कधी सरळ छापलेलं, कधी सांकेतिक. दुकानदाराला वाचून दाखवायला सांगायचं. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागायची. वॉरंटीचे महिने मोठे दिसले म्हणून भुलायचं नाही. त्यात बहुधा दोन भाग असतात: पहिले काही महिने फुकट बदलून, पुढचे महिने फक्त किमतीत सूट. कुठले किती, ते कार्डावर वाचायचं.

मग मी मनातला प्रश्न विचारला. ‘काका, पण ती उतरली का? महिनाभर तर गाडी नुसती उभी होती!’ ते म्हणाले, ‘उभी होती म्हणूनच.’ अशा गाड्या बंद असतानाही झोपत नाहीत. कुलूप, अलार्म, रिमोट ऐकणारा भाग, सगळे थोडं थोडं खात असतात. अगदी ५० मिलिअँपिअर धरले, तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातो. तीस दिवसांत छत्तीस. लहान, थकलेल्या बॅटरीचं दिवाळं निघणारच. मिरजेची एक फेरी ते भरून काढत नाही. म्हणून आता मी एजीएमला चालणारा ऑटोमॅटिक चार्जर घेतलाय. पंधरा दिवसांनी एक रात्र लावते. आणि एक साधा मीटरही. विश्रांतीनंतर बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर पोट भरलेलं. १२.४च्या खाली गेली की भूक लागली. १२वर आली की समजायचं, उपास घडतोय. इंजिन चालू असताना साधारण १४च्या आसपास दिसायला हवं. नाही दिसलं तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा असू शकतो, मग नवी बॅटरी घेऊनही तेच रडगाणं.

बॅटरी बसवायला काकांचा मुलगा घरी आला. पंचवीस-सव्वीस किलोंचं धूड! एकट्यानं उचलायचं काम नाही. आधी ऋण टोक सोडायचं, जोडताना ते सगळ्यात शेवटी. क्लॅम्प आवळला, नळी जोडली. गाडी चालू झाली आणि समोर एक पिवळा दिवा पेटला! माझा चेहरा उतरला. त्यानं स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं. दिवा गेला. वीज तुटल्यावर गाडी चाकांची दिशा विसरते, तिला आठवण करून द्यावी लागते. काचाही तशाच. बटण वर ओढून काच पूर्ण बंद झाल्यावर क्षणभर धरून ठेवायचं. काही गाड्यांत, विशेषतः बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये, नवी बॅटरी संगणकाला कळवावीही लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. तुमच्या गाडीला ते लागतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.

त्या रात्री मला बर्था बेंझची आठवण झाली. १८८८च्या ऑगस्टमध्ये या बाईनं नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला माहेरी गेली! वाटेत इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली म्हणतात. पुढे कितीतरी वर्षं गाडी सुरू करायला पुढे हँडल मारावं लागे. मनगट मोडायची भीती. १९१२ मध्ये कॅडिलॅकनं विजेवर चालणारा स्टार्टर दिला, तोच आपला ‘सेल्फ’. बायकांना एकटीनं गाडी काढणं त्यामुळे किती सोपं झालं! आणि तो सेल्फ ज्या बॅटरीवर चालतो, ती म्हणे आपलं काम नाही!

वॉरंटी कार्ड भरताना मुलानं सवयीनं विचारलं, ‘साहेबांचं नाव?’ मी म्हटलं, ‘माझं लिहा. फोनही माझाच.’

पुढच्या खेपेला आम्ही सव्वाआठलाच मिरजेत. आबा मागे बसले होते. भिलवडीकडचा फाटा ओलांडला तसं मी आरशात बघून विचारलं, ‘आबा, वास येतोय का?’ त्यांनी दोनदा हुंगून बघितलं. ‘नाही गं.’ मग थोड्या वेळानं, ‘काच जरा खाली घे. द्राक्षांचा येतोय.’

लक्षात ठेवा

• जुन्या बॅटरीच्या लेबलचा आणि खाच्याचा फोटो काढून न्या. आधी कुणी चुकीची बसवली असू शकते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा.
• प्रकार, माप, टोकांची बाजू, एएच, सीसीए आणि तारीख, या सहा गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.
• बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल, तर वायू बाहेर सोडणारी नळी जोडली का, ते स्वतः बघा.
• दुसऱ्या गाडीवरून चालू करताना १२ व्होल्टचीच गाडी घ्या. ट्रकची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते, ती लावू नका. लाल लालला, काळी वायर बंद गाडीच्या उघड्या धातूला.
• जुनी बॅटरी भंगारवाल्याला किंवा अंगणात नको. आत शिसं आणि आम्ल असतं, मुलांना फार घातक. २०२२च्या नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडेच जायला हवी. दुकानदाराला परत द्या, किमतीत सूटही मागा.
• आणि मागच्या सीटवरचं माणूस ‘वास येतोय’ म्हणालं, तर आधी डिकी उघडा.