गायतोंडे यांच्या चित्रातली मोकळी जागा

विदर्भाशी नातं

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांचं घराणं गोव्याचं, पण त्यांचा जन्म नागपूरचा, 1924 सालचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 मध्ये त्यांनी पदविका घेतली. सुरुवातीच्या चित्रांत माणसं होती, पॉल क्लीचा प्रभाव होता. पुढे आकृत्या एकेक करून गळत गेल्या. टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात 1957 मध्ये त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. जपानमधल्या झेन विचाराची ओढही त्याच दशकातली.

जपानी चित्रातलं कोरेपण

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी चित्रकार हासेगावा तोहाकूने घडीच्या पडद्यांवर काळ्या शाईने पाइनची झाडं काढली. ती धुक्यात उभी आहेत, पण धुकं त्याने रंगवलेलंच नाही. तो नुसता कोरा कागद आहे! दोन वस्तूंमधल्या अशा अर्थपूर्ण मोकळिकीला जपानीत ‘मा’ म्हणतात.

गायतोंडे काय करत

गायतोंडे यांच्या कॅनव्हासवरची मोकळीक मात्र कोरी नसते, ती घडवलेली असते. ब्रशऐवजी त्यांचा भर रोलर आणि पॅलेट नाइफवर. पातळ रंगाचा थर द्यायचा, तो सुकण्याआधी थोडा खरवडायचा, रंग लावलेले कागदाचे फाटके तुकडे दाबून ठसे उमटवायचे, वर पुन्हा थर द्यायचा. म्हणून खालचा रंग वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो. वर्षभरात जेमतेम पाच-सहा चित्रं पुरी होत. बाकीचा वेळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. माझ्या मते त्यांचं मोठेपण या थांबण्यात आहे. जपानकडून त्यांनी शैली उचलली नाही, संयम घेतला. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर 1964 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथे चित्रकार मार्क रॉथ्को यांना भेटले. पण तोवर त्यांची वाट ठरलेली होती.

या चित्रांना निसर्गचित्रं म्हणावं का?

त्यांना स्वतःला ‘अमूर्त’ हा शब्दही मान्य नव्हता. आपली चित्रं वस्तुनिरपेक्ष आहेत, असं ते म्हणत. तरी साठच्या दशकातल्या काही चित्रांतला आडवा पट्टा पाहताना क्षितिज आठवतंच. विदर्भात घाटंजीकडच्या काळ्या रानात पऱ्हाट्या उपटून झाल्या, की वैशाखात माती आणि आभाळ यांच्यामध्ये अशीच एक धूसर रेघ उरते. ते रान रोज पाहणाऱ्याला ही चित्रं अवघड वाटू नयेत. फक्त त्यांत डोंगर-नदी शोधत बसू नये. रंग कुठे दाट होतो, कुठे विरतो, एवढं पाहावं.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी

गायतोंडे यांचं 2001 मध्ये निधन झालं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. मोबाइलवर हे थर सपाट होतात. मूळ चित्रासमोर आधी लांब उभं राहावं, मग जवळ जाऊन खरवडल्याच्या खुणा पाहाव्यात.