येशू पाहिला, कृष्ण दिसला

शिवडीहून निघालेला अटल सेतू 21.8 किलोमीटरची धाव घेऊन चिर्ल्याला जमिनीवर उतरतो. तिथून जासई हाकेच्या अंतरावर. 2024च्या जानेवारीत हा पूल सुरू होईपर्यंत या भागातल्या माणसाला मुंबई गाठायची तर मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का, नाहीतर पनवेल-बेलापूरचा वळसा. बाहेरच्यांना जासई माहीत असते ती दोन कारणांनी: एक न्हावा-शेवा बंदराकडे चाललेल्या कंटेनरच्या रांगा आणि दुसरे दि. बा. पाटील. 1984च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध त्यांनी उभारलेल्या शेतकरी आंदोलनावर याच पट्ट्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि जमीन गेलेल्यांचा साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून उभा राहिला.

ख्रिस्ती श्रद्धेवरचे चित्रपट आणि त्यांचा प्रेक्षक या विषयावर लिहायचे, तर सुरुवात जासईपासून कशाला, असे कोणी विचारील. कारण चित्रपटाला माणूस रिकाम्या मनाने जात नाही. तो काय घेऊन जातो हे पाहायचे तर हा पट्टा सोयीचा आहे. जासई आगऱ्यांचे गाव. वसई-साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात कोळी, कुणबी, भंडारी यांच्याबरोबर आगरीही आहेत. पोर्तुगीज अमलात तिकडच्यांनी बाप्तिस्मा घेतला, इकडच्यांनी गावदेवी आणि हरिनाम सप्ताह सांभाळला. पोर्तुगीज तसे उरणपर्यंतही आले होते. द्रोणागिरीवर त्यांनी चर्च बांधले होते. जवळच पनवेलला बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोशे आणि योसेफ यांची आख्याने चक्क मराठी कीर्तनात बसवली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळे जिथल्या तिथे. त्याच्याही आधी, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे अकरा हजारांच्या घरातल्या ओव्यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राचोलला छापले गेले होते. म्हणजे बायबलमधली गोष्ट आपल्या चालीत ऐकण्याची सवय या किनाऱ्याला सिनेमाच्या सुमारे तीनशे वर्षे आधीपासून होती. पडदा आला तेव्हा श्रोता प्रेक्षक झाला, एवढेच.

त्या प्रेक्षकांतला सगळ्यात मोठा म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. काही चरित्रकार 1910चा नाताळ सांगतात, काही 1911चा ईस्टर. तो पाथे कंपनीचा होता की गोमाँसाठी अलीस गी या बाईंनी केलेला, यावरही अभ्यासक भांडतात. मला या वादापेक्षा फाळक्यांचा त्या वेळचा धंदा महत्त्वाचा वाटतो. ते छपाईतले माणूस होते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यात त्यांनी काम केले होते, नंतर स्वतःचा छापखाना काढून तो नावारूपाला आणला होता, आणि भागीदाराशी बिनसल्यावर त्यातून अंग काढून घेतले होते. देवांची रंगीत चित्रे दगडावरून कागदावर कशी उतरतात, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आणि त्या काळचे ख्रिस्तपट तरी काय होते? अलीस गी यांनी आपली दृश्ये टिसो या चित्रकाराच्या बायबलमधल्या चित्रांवरून रचली होती. पाथेच्या पटातही एकामागून एक देखावे येतात: गव्हाणीतला जन्म, पाण्यावरून चालणे, क्रूस. घरोघरी भिंतीवर लावलेली छापील चित्रेच जणू पडद्यावर हलू लागली होती. दुसऱ्या कोणाला चमत्कार दिसला असता. फाळक्यांना त्यात कारागिरी दिसली.

पुढे 1917 साली ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत त्यांनी हा अनुभव स्वतः सांगितला आहे. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना त्यांच्या मनापुढे कृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. आपल्या देवांची अशी चित्रे आपल्या माणसांनी कधी काढायची, या प्रश्नाने त्यांना पछाडले. स्वदेशीचा काळ होता, त्यामुळे प्रश्नाला धारही होती. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते पुन्हा तो पट पाहायला गेले. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज, 1912 साली लंडन, विल्यमसन कॅमेरा, कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ दाखवणारी छोटी फिल्म, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’.

ही हकिकत शाळेच्या पुस्तकात येते, पण एक गोष्ट सहसा कोणी थांबून पाहत नाही. श्रद्धेवरचा चित्रपट पाहून प्रेक्षक त्या धर्माकडे वळतो, नाहीतर दुखावतो, असे आपण धरून चालतो. फाळक्यांचे दोन्ही झाले नाही. त्यांनी ख्रिस्ताची टिंगल केली नाही, त्याला शरणही गेले नाहीत. त्याच्या जागी आपला देव बसवून पाहिला. ख्रिस्तपटाला मराठी माणसाने दिलेला हा सर्वांत फलद्रूप प्रतिसाद म्हणायला हवा, आणि तो देणारा नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा ब्राह्मण होता.

त्यांच्या पटांना मिळालेला प्रतिसादही याच जातीचा होता. ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की लोक हात जोडत, दंडवत घालत. अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या, त्याने कोणाचे काही अडले नाही. पुढे 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला तेव्हा विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यातच लोकांना तुकोबा सापडले. घराघरातल्या तसबिरींत तो चेहरा जाऊन बसला. नट आणि देव यांतली रेघ पुसायला आपला प्रेक्षक नेहमीच तयार असतो. समीक्षकांना ते भाबडेपण वाटते. मला तसे वाटत नाही. दर्शन घ्यायला गेलेला माणूस मूर्तिकाराची चूक काढत बसत नाही, इतकेच.

ख्रिस्तपट घेऊन गावोगाव जाणाऱ्यांना ही गोष्ट उशिरा कळली. 1979 साली अमेरिकेत ‘जीझस’ हा चित्रपट निघाला. लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला, इस्रायलमध्ये चित्रित, ब्रायन डिकन हा इंग्रज नट ख्रिस्ताच्या भूमिकेत. त्याची ध्वनिफीत आजवर दोन हजारांहून अधिक भाषांत बदलली गेली, त्यात मराठीही आहे. मूळ वचनाला धरून, प्रामाणिक, आणि खरे सांगायचे तर थोडा कोरडा. त्याच्या वर्षभर आधी, 1978च्या डिसेंबरात, तेलुगूत ‘करुणामयुडु’ लागला होता. निर्माता आणि ख्रिस्त दोन्ही विजयचंदर. दिग्दर्शक ए. भीमसिंग, म्हणजे तमिळमधल्या ‘पासमलर’सारख्या डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांचा उस्ताद. ‘दयासागर’ या नावाने तो हिंदीत आला, आणि डेस्प्रिंग इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेच्या मदतीने प्रचारकांची पथके प्रोजेक्टर व पडदा घेऊन तो खेडोपाडी दाखवू लागली.

‘दयासागर’मध्ये गाणी आहेत. मरियेचे आईपण आहे. ख्रिस्त चमत्कार करतो तेव्हा पौराणिक चित्रपटातला देव करतो तसाच करतो. ड्वाइट फ्रिझन या अभ्यासकाने या एका चित्रपटाची निर्मिती, वितरण आणि प्रेक्षक यांवर एडिंबरा विद्यापीठात प्रबंध लिहिला, यावरून त्याचे वजन कळावे. लूकच्या वचनाला चिकटलेल्या चित्रपटापेक्षा हा खेड्यातल्या माणसाला आपला वाटला तर नवल नाही. कथा ऐकायची त्याची सवय या चित्रपटाने ओळखली होती. अर्थात पडद्यापुढे हात जोडणे वेगळे आणि बाप्तिस्मा घेणे वेगळे. ज्याच्या देव्हाऱ्यात खंडोबा, एकवीरा आणि साईबाबा आधीच शेजारी शेजारी बसले आहेत, त्याला आणखी एक तसबीर जड जात नाही. प्रचारकाला तो विजय वाटतो, कट्टर हिंदुत्ववाद्याला धोका. प्रेक्षक मात्र दोघांनाही न विचारता घरी जातो.

अमेरिकेत ख्रिस्ती श्रद्धेवरच्या चित्रपटांचा आज मोठा बाजार झाला आहे, आणि त्याची तऱ्हा निराळी आहे. मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ 25 फेब्रुवारी 2004 रोजी, राखेच्या बुधवारी, प्रदर्शित झाला. तीन कोटी डॉलरच्या खर्चावर त्याने जगभरात साठ कोटींहून जास्त मिळवले. चर्चनी अख्खी थिएटरे आगाऊ घेतली. फटक्यांच्या दृश्यांत काही प्रेक्षक हुंदके देत होते, काही उठून जात होते, आणि ज्यूद्वेषाचा आरोपही झाला. मग उद्योगाला वाट सापडली. केंड्रिक बंधूंचा ‘फायरप्रूफ’ (2008) पाच लाख डॉलरमध्ये झाला आणि तीन कोटींच्या वर गेला. त्यांच्याच ‘वॉर रूम’ने (2015) तीस लाखांचे सात कोटींवर केले. समीक्षकांनी या चित्रपटांना बहुधा झोडपले, थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांनी डोक्यावर घेतले. मला दोघांचेही पटते. हे चित्रपट आधीच पटलेल्यांना पुन्हा पटवतात; अशा चित्रपटांत नास्तिक आलाच, तर तो मूर्ख तरी असतो नाहीतर दुष्ट तरी. फाळक्यांसारखा परका प्रेक्षक आत येईल, अशी त्यांत जागाच ठेवलेली नसते. ‘द चोझन’ ही लोकवर्गणीतून उभी राहिलेली मालिका त्या मानाने मोकळी आहे, कारण तिथे शिष्य चिडतात, विनोद करतात, कर्जात बुडतात.

दुखावल्याचा प्रतिसाद आपल्याकडेही झाला, पण चित्रपट श्रद्धेच्या बाजूचा नव्हता तेव्हा. 2006 साली ‘द दा विंची कोड’वरून मुंबईतल्या कॅथलिकांनी निदर्शने केली. सेन्सॉर मंडळाने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि ही कथा काल्पनिक असल्याची पाटी लावायला सांगितली. गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. उलट ओडिशात 1999 साली मुलांसह जाळून मारलेले मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स यांच्यावरचा, शर्मन जोशीची भूमिका असलेला 2019 मधला चित्रपट आपल्याकडे फारशी चर्चा न होता निघून गेला. संतापाला गर्दी जमते, स्टेन्स कुटुंबाने मारेकऱ्यांना केलेल्या क्षमेला जमत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेवरचे मराठीतले सगळ्यात सकस चित्र मात्र मला यांपैकी कशातच दिसत नाही. ते विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘स्मृतिचित्रे’त दिसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरचा हा चित्रपट, लक्ष्मीबाई सुहास जोशी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. बायकोला कळले ते मागाहून. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई नवऱ्याचा धर्म, आपले सोवळे आणि पोटचे पोर यांच्यात ओढल्या गेल्या, आणि शेवटी स्वतःच्या पायांनी त्या वाटेला आल्या. पुढे टिळकांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच हाती घेतले. पडद्यावर क्रूस नाही, चमत्कार नाही, स्वर्गातून येणारा उजेड नाही. आहे तो विसरभोळा, तापट, लोभस नवरा आणि त्याला जाब विचारणारी बायको. चित्रपट संपल्यावर त्याला ख्रिस्ती चित्रपट म्हणायचे की नाही, यावर कोणी बोलत नाही. वाद झालाच तर तो टिळकांनी आधी घरात सांगायला नको होते का, यावर होतो, आणि त्यात बायका बहुधा एका बाजूला असतात.