अपघातग्रस्त दुचाकीपासून ट्रॅकची गाडी : पैसा कोठे लावावा आणि कोठे नाही

गोव्यात वेगाची हौस असलेल्या तरुणाला गाडी सहज मिळते. ती मनसोक्त चालवण्याची जागा मात्र मिळत नाही. मोटारसायकल शर्यतींसाठीचा कायमस्वरूपी डांबरी ट्रॅक राज्यात नाही. त्यामुळे ही हौस रात्रीच्या महामार्गावर भागवली जाते आणि तेथे समोरून येणारा ट्रक असतो, वळणावर सांडलेली वाळू असते, रस्त्यात बसलेली गुरे असतात. त्याची किंमत कोणती, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

याला पर्याय म्हणजे ‘ट्रॅक डे’. आयोजक दिवसभरासाठी ट्रॅक भाड्याने घेतात. चालकांची कौशल्यानुसार गटवारी होते आणि प्रत्येक गटाला ठरावीक मिनिटांच्या फेऱ्या मिळतात. सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात, वळणांवर झेंडे घेऊन माणसे उभी असतात आणि रुग्णवाहिका सज्ज असते. यासाठी लाखो रुपयांची नवी गाडी लागते, हा समज मात्र खरा नाही. अपघातात मोडलेली, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असलेली साधी दुचाकी त्यासाठी पुरते. अट एकच: ती कोणत्या क्रमाने उभी करायची, हे आधी कळले पाहिजे.

स्वस्तातल्या शर्यतीची परंपरा

भारतातील मोटार शर्यती मुळातच काटकसरीवर वाढल्या. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन विमान-धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती झाल्या. त्यानंतर इरुंगाट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटरचा खास ट्रॅक उभा राहिला. कोईमतूरचे एस. करीवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० च्या साध्या इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी घडवली आणि तिने चालकांची एक पिढी तयार केली. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. कोईमतूरचा ‘करी मोटर स्पीडवे’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रोजच्या वापरातले यंत्र नीट समजून घेतले तर त्यावर शर्यतीचे धडे गिरवता येतात, हा त्यांच्या कामाचा अर्थ दुचाकीलाही लागू पडतो.

कोणती गाडी निवडावी

पहिल्या पिढीची यामाहा आर-१५ हे याचे उत्तम उदाहरण. ती २००८ मध्ये भारतात आली. १४९.८ सीसीचे, पाण्याने थंड राहणारे इंजिन, सुमारे १७ अश्वशक्ती, सहा गिअर आणि १३१ किलो वजन. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण नवशिक्यासाठी तेच गुण आहेत. रुंद, भक्कम चासीमुळे गाडी वळणात स्थिर राहते आणि कमी शक्तीमुळे चालकाच्या चुका लगेच अंगाशी येत नाहीत. याच मॉडेलच्या गाड्यांची शर्यत-मालिका कंपनीने भारतात घेतल्यामुळे ती ट्रॅकसाठी कशी बांधावी, याचे ज्ञान दक्षिणेतील अनेक मेकॅनिकांकडे आहे. सुटे भागही मिळतात. मोठ्या, चारशे सीसीच्या मोडलेल्या गाडीचा मोह अनेकांना होतो. पण तिचे टायर, ब्रेक आणि इंजिनाचे भाग त्याच प्रमाणात महाग पडतात.

कोणते नुकसान चालेल, कोणते नाही

मोडलेल्या गाडीत डोळ्यांना दिसणारे नुकसान बहुधा स्वस्त असते आणि न दिसणारे महाग. फुटलेले फेअरिंग, हेडलाइट, आरसे, इंडिकेटर, चेपलेला सायलेन्सर यांमुळे किंमत उतरते. पण ट्रॅकवर यातील बहुतेक वस्तू काढूनच टाकायच्या असतात. म्हणून बाजूवर घसरून पडलेली गाडी हा चांगला सौदा ठरू शकतो. समोरून भिंतीवर किंवा वाहनावर आदळलेली गाडी मात्र संशयानेच पाहावी.

पहिली तपासणी चासीची. हँडल जेथे चासीला बसते त्या नळीभोवतीचा रंग सुरकुतलेला किंवा तडकलेला असेल, तर आतील पत्रा वाकला आहे असे समजावे. हँडल एका मर्यादेपलीकडे वळू नये म्हणून तेथे दोन छोटे अडथळे असतात. त्यांतील एक तुटला किंवा चेपला असेल, तर धक्का मोठा होता. चासीवर वेल्डिंग केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ट्रॅकसाठी घेऊ नये.

दुसरी तपासणी सुताची. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी सूत ताणून पुढच्या चाकापर्यंत न्यावे. मागचे टायर रुंद असल्याने पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सुतापासून थोडी फट राहते. ती दोन्हीकडे सारखी हवी. सारखी नसेल, तर मागचे चाक तिरके बसले आहे किंवा चिमटा, फोर्क अथवा चासी यांपैकी काहीतरी वाकले आहे. आधी मागचे चाक सरळ बसवून पुन्हा मोजावे.

तिसरी तपासणी फोर्कच्या नळ्यांची. त्या काढून जाड, सपाट काचेवर लोटाव्यात. नळी लोटताना काचेखालचा उजेड कमी-जास्त दिसला, तर ती वाकलेली आहे. किंचित बाक जाणकार कारागीर प्रेसवर काढू शकतो. घडी पडलेली किंवा क्रोम तडकलेली नळी फेकूनच द्यावी. तडा गेलेल्या मिश्रधातूच्या रिमचेही तेच. ती जोडून गावात फिरता येईल, ट्रॅकवर नाही.

इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गाडी आडवी पडल्यावर इंजिन चालूच राहिले, तर तेलाचा पंप हवा ओढतो आणि क्रँकचे बेअरिंग कोरडे फिरते. त्यामुळे बाहेरून धड दिसणारे इंजिन आतून घासलेले असू शकते. ते सुरू करून तळातून येणारा जड ठोका ऐकावा आणि जुने तेल गाळून त्यात धातूचा चुरा आहे का, ते पाहावे.

पुरात बुडालेल्या गाड्या हा वेगळाच प्रकार. २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागात पूर आला, २०२१ मध्ये गोव्यातील सत्तरी, डिचोलीपर्यंत पाणी शिरले. अशा गाडीचा सांगाडा सरळ असतो. पण वायरिंगच्या जोडण्यांवर हिरवट गंज, चाकांच्या बेअरिंगमध्ये गाळ आणि इंजिनात पाणी मिसळलेले दुधट तेल असू शकते. वायरिंग, नियंत्रक संगणक आणि सर्व बेअरिंगे बदलावी लागतील असे धरूनच तिची किंमत ठरवावी.

खर्चाचा क्रम

गाडी जेवढ्याला मिळाली, निदान तेवढी रक्कम उभारणीसाठी बाजूला असावी. त्या रकमेत पहिला हक्क चालकाच्या अंगरख्याचा. संपूर्ण चेहरा झाकणारे, यापूर्वी कधी न आपटलेले हेल्मेट, कातडी सूट, घोट्यापर्यंतचे बूट, मनगट झाकणारे हातमोजे आणि पाठीचे कवच. जुना सूट शिवण तपासून घेता येतो. जुने हेल्मेट कधीही घेऊ नये.

दुसरा हक्क ब्रेकचा. त्यामागचे गणित साधे आहे. गाडी आणि चालक मिळून सुमारे २०६ किलो वजन ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्यात जवळपास ८० किलोज्यूल ऊर्जा असते. वेग १०० वरून ५० वर आणताना त्यातील तीन चतुर्थांश ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. रस्त्यावर हे क्वचित घडते, ट्रॅकवर प्रत्येक फेरीत अनेकदा. या उष्णतेने ब्रेकचे द्रव उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. डॉट-४ प्रतीचे ताजे द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षे न बदललेले द्रव किती धोकादायक आहे, ते यावरून कळावे. नवे द्रव आणि चांगले पॅड हा सर्वांत कमी खर्चातला सर्वांत मोठा बदल होय.

तिसरा हक्क टायरचा. टायरच्या बाजूवर चार अंकांत उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि पकड सोडते. त्यानंतर चाकांची व हँडलची बेअरिंगे, चेन आणि स्प्रॉकेट. मग फोर्कमध्ये नवे तेल व ऑइल सील. फोर्कची व मागच्या शॉकॲब्सॉर्बरची बसक चालकाच्या वजनाला जुळते का, ते पाहावे. चालक बसल्यावर गाडी सुमारे ३० ते ३५ मिलिमीटर खाली बसावी, हा सुरुवातीचा अंदाज.

इंजिनाची शक्ती वाढवणे सर्वांत शेवटी, आणि बहुधा नकोच. स्टँड, आरसे, साडीगार्ड, मागची सीट, दिवे, हॉर्न काढून आठ किलो वजन कमी झाले, तर एकूण वजनात सुमारे ४ टक्के घट होते. वेग घेताना हा फायदा सतरा अश्वशक्तीच्या इंजिनाला अर्ध्या अश्वशक्तीहून अधिक जोर मिळाल्यासारखा आहे, तोही फुकटात. मागचे स्प्रॉकेट बदलूनही असाच लाभ मिळतो. समजा, पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत. मागे ४५ केले, तर वळणातून बाहेर पडताना चाकाला ७ टक्के अधिक जोर मिळतो. सर्वोच्च गिअरमधला वेग तेवढाच घटतो. पण लहान ट्रॅकवर त्याची उणीव भासत नाही.

काढलेला धड माल, म्हणजे सीट, दिवे, फेअरिंगचे तुकडे, विकून बरीच रक्कम परत मिळते. त्या जागी फायबरचे साधे आवरण पुरते. गोव्यात होड्यांचे फायबरकाम करणारे कारागीर ते बनवू शकतात. फुटरेस्ट उंच व मागे नेण्यासाठीच्या पट्ट्या बेळगावच्या उद्यमबागेतील लेथवर तयार होऊ शकतात. तयार आयात भागांपेक्षा हे बरेच स्वस्त पडते.

ट्रॅकवर प्रवेशापूर्वी

ट्रॅकवरच्या तपासणीत गाडीच्या देखणेपणाला महत्त्व नसते. इतरांना तिच्यापासून धोका आहे का, एवढेच पाहिले जाते. तेल सोडण्याचा बोल्ट, तेलाचे झाकण आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट यांना बारीक छिद्र पाडून ते पोलादी तारेने बांधतात, म्हणजे कंपनाने ते सुटत नाहीत. रेडिएटरमधील कूलंट काढून साधे पाणी भरतात. कूलंट डांबरावर सांडला तर मागून येणारा घसरतो. इंजिनाखाली तेल झेलणारे भांडे, चेन व स्प्रॉकेटच्या मधे बोट जाऊ नये म्हणून पाते, सोडताच परत फिरणारा थ्रॉटल आणि चालू स्थितीतला किल स्विच हेही पाहिले जाते. कोणता नियम कोठे सक्तीचा, ते आयोजकांकडून आधीच विचारून घ्यावे. स्पर्धेत उतरायचे झाल्यास ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’चा परवाना लागतो.

कागदपत्रे आणि कायदा

मोडकी गाडी कागदाविना स्वस्त मिळते. पण ती चोरीची निघाली तर खरेदीदारही अडकतो. आरसी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी पडताळावेत, कर्ज बाकी नाही याची खात्री करावी आणि मालकी रीतसर नावावर करून घ्यावी. परराज्यात टेम्पोतून नेतानाही हे कागद विचारले जातात. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीच नसेल, तर नोंदणी रद्द करण्याबाबत वाहतूक खात्याकडे चौकशी करावी.

एकदा अशी उतरवलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. गाडीच्या नेहमीच्या विम्यातून शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. आरोग्य विम्याच्या अटीही ट्रॅकवर जाण्याआधी वाचाव्यात.

हिशेबाचा शेवटचा आकडा

गोव्यातील चालकासाठी सर्वांत मोठा खर्च गाडीचा नसून अंतराचा आहे. कोईमतूर असो वा चेन्नई, एका दिशेने सातशे-आठशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. म्हणून चार-पाच मित्रांनी मिळून एकच टेम्पो करावा आणि शक्यतो एकाच मॉडेलच्या गाड्या बांधाव्यात. मग स्प्रॉकेट, लिव्हर, ब्रेक पॅड असे सुटे भाग सर्वांना मिळून एकदाच घ्यावे लागतात आणि एकाची गाडी पडली तर दुसऱ्याच्या पेटीतला भाग तिला बसतो. वर्षातून दोनच वेळा असे जाणे झाले, तरी ब्रेक कधी लावायचा, नजर कोठे ठेवायची आणि आपली मर्यादा कोठे संपते, हे तेथे कळते. ते शिकून परतलेला तरुण रोजच्या रस्त्यावर बहुधा सावकाश चालवतो, कारण वेगासाठी कोणती जागा लागते, हे त्याने पाहिलेले असते.