शास्त्र आधी की मंडळी?

लेखांक सहावा

नागपुरातल्या मनीषनगरच्या रेल्वे फाटकाने आमचा किती वेळ खाल्ला याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण त्या फाटकाने माणसं जोडून दिली, हेही खरं. उड्डाणपूल व्हायच्या आधी तिथे स्कूटर बंद करून उभं राहायचं, मालगाडीचे डबे मोजायचे आणि शेजारच्याशी बोलायचं. तिथेच ओळख झालेले माझे दोन शेजारी गेल्या रविवारी आपापलं बायबल काखेत मारून घरी आले. एक कॅथलिक, दुसरे प्रोटेस्टंट. मागच्या लेखांकात मी ‘बायबलमधली पुस्तकं ६६’ असं लिहून मोकळा झालो होतो, आणि कॅथलिक शेजाऱ्यांना ते खटकलं होतं.

त्यांनी दोन्ही बायबलांची अनुक्रमणिका उघडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. नवा करार दोन्हींत २७ पुस्तकांचा. जुना करार मात्र एकात ३९, दुसऱ्यात ४६. तोबीत, युदित, मक्काबींची दोन पुस्तकं, शलमोनाचं ज्ञान, सिराख आणि बारूख ही सात पुस्तकं जास्तीची. शिवाय एस्तेर आणि दानिएल यांत काही भाग अधिक. ‘‘तोबीतमध्ये तर एक कुत्रापण आहे,’’ कॅथलिक शेजारी म्हणाले, ‘‘मुलगा प्रवासाला निघतो तर मागोमाग जातो. तुमच्या बायबलात तो नाहीच.’’

चूक माझीच. ६६ हा आकडा प्रोटेस्टंटांचा, ७३ कॅथलिकांचा. पण हा हिशेब नुसता अनुक्रमणिकेपुरता नाही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी प्रार्थना आणि अर्पण केल्याचा प्रसंग आहे. हे पुस्तक शास्त्र मानलं, तर २ नोव्हेंबरला मृतांच्या नावाने मिस्सा अर्पण करण्याला शास्त्राचा आधार मिळतो. मानलं नाही, तर मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करण्याचं कारणच उरत नाही, फक्त त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायचे. सात पुस्तकं आत की बाहेर, यावर कबरीपाशी काय म्हणायचं ते ठरतं.

मग ही यादी ठरवली कुणी?

आज आपण वाचतो ती नव्या कराराची नेमकी २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती इ. स. ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या एका पत्रात. पौलाची पहिली पत्रं साधारण इ. स. ५० च्या आसपासची. म्हणजे मधली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक भजत होते, बाप्तिस्मे देत होते, जीवही देत होते, आणि हातात आजच्यासारखं बांधीव पुस्तक नव्हतं. कॅथलिकांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. मंडळी, म्हणजे चर्च, आधी; पुस्तक नंतर. ज्या मंडळीने पुस्तक ओळखून दिलं, तिच्याच परंपरेत ते वाचलं पाहिजे. ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ७३ पुस्तकांवर शिक्का मारला आणि लिखित ग्रंथ व प्रेषितांपासून चालत आलेली अलिखित परंपरा या दोहोंना सारखाच मान दिला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सूर सौम्य केला. शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून येतात, आणि शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर नाही, वचनाच्या सेवेत आहे, अशी मांडणी केली.

प्रोटेस्टंट शेजाऱ्यांचं उत्तर तयारच होतं. इतवारीतला सराफ सोनं कसोटीवर घासून सांगतो की हे सोनं आहे. म्हणून सोनं त्याने केलं का? मंडळीने पुस्तकं ओळखली, बनवली नाहीत. उत्तर बिनतोड वाटतं. पण सराफ दोन असले आणि एक ३९ दागिने खरे म्हणत असला, दुसरा ४६, तर गिऱ्हाइकाने कुणाकडे जावं? गंमत अशी की मराठी प्रोटेस्टंटांच्या हातातले ६६ हेसुद्धा कुणाच्या तरी ठरावाचं फळ आहे. लूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ही जादा पुस्तकं काढून टाकली नव्हती. वाचायला चांगली पण शास्त्राच्या तोडीची नाहीत, असं सांगून वेगळी ठेवली होती. १६११ च्या इंग्रजी बायबलातही ती होती. पुढे १८२६ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने ही पुस्तकं असलेल्या आवृत्त्यांना पैसा द्यायचं बंद केलं. गावोगाव बायबल पोचवणारी संस्थाच तशी, म्हणून घरोघरी ६६.

इतक्यात चहा घेऊन आई बाहेर आली. मागचा लेखांक तिनेही वाचला होता. ‘‘ईश्वरप्रेरित ईश्वरप्रेरित म्हणता, म्हणजे लिहिणाऱ्याच्या अंगात येत होतं का रे?’’

दोघेही शेजारी हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे ग्रंथाचं प्रामाण्य म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक वेदांचं अपौरुषेयत्व, म्हणजे कर्ता कुणी नाहीच. दुसरं अंगात येणं, म्हणजे माणूस नावापुरता. बायबलमधला शब्द या दोहोंत बसत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘थिओप्नेउस्तोस’ असा ग्रीक शब्द येतो. फोड केली तर ‘देवाने श्वास घातलेलं’. अख्ख्या नव्या करारात हा शब्द एवढा एकदाच. आणि पान उलटलं की चौथ्या अध्यायात लिहिणारा काय सांगतो? त्रोवसात कार्पाच्या घरी माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, चर्मपत्रं तर विसरू नकोस, आणि हिवाळ्याच्या आत पोच. (हे पत्र पौलाचंच की त्याच्या शिष्याचं, यावर अभ्यासकांत वाद आहे, झग्याला त्याने फरक पडत नाही.) करिंथकरांना लिहिताना पौल आपण कुणाकुणाला बाप्तिस्मा दिला ते मोजतो आणि बाकीचे आठवत नाहीत म्हणून सोडून देतो. अंगात आलेला माणूस असं बोलत नाही.

विदर्भातल्या वाचकाला याहून जवळचा दाखला आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जमवल्या त्या डोळे मिटून नव्हे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, रिद्धपूरला नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला थियफिल नावाच्या गृहस्थाला जवळपास हेच सांगतो, की सुरुवातीपासून पाहणाऱ्यांकडून मिळालेलं सगळं शोधून मी क्रमवार लिहितो आहे. लीळाचरित्रातले पाठभेद महानुभावांनी लपवले नाहीत, ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. चार शुभवर्तमानंही एकमेकांत विरघळवून एक न करता चार म्हणूनच ठेवली गेली. इथे देव आहे तो माणसाच्या शोधाशोधीतून, आठवणीतून आणि विसरण्यातूनही. कॅथलिक आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे आता मान्य आहे. शब्दन् शब्द निर्दोष मानणारा वर्गही मोठा आहे. १९७८ च्या शिकागो निवेदनात त्याची बाजू नेटकेपणाने मांडलेली आहे. पण तेही लेखकाला टंकयंत्र म्हणत नाहीत.

प्रेरणेवर इतपत जमतं. खरा पेच अर्थ कुणी सांगायचा हा. आणि तो पेच मराठीत सगळ्यांत धारदारपणे कुणी अनुभवला असेल, तर पंडिता रमाबाईंनी.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे, लहानग्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजच्या जोगिणी चर्च ऑफ इंग्लंडच्या, पण परंपरेकडे झुकलेल्या. सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा सरळ होती: नवख्या माणसाने मंडळी शिकवील ते नम्रपणे घ्यावं. पण समोर होती अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ झालेली. १८८४–८५ च्या पत्रांत त्या विचारतात, त्रैक्य हा शब्द शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. अथनेशियसच्या नावावरचा मतांगीकार मी का म्हणावा? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडवून घेतली, ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मंडळीचं ऐक म्हणता, पण पंथ इतके, त्यांतली कुठली मंडळी? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, हाही त्यांचा प्रश्न होता. सिस्टर जेराल्डिनला यात अहंकार दिसला.

मला मात्र त्याच पत्रांतला अंड्यांचा वाद जास्त बोलका वाटतो. रमाबाई अंडं खात नसत, अंडं घातलेलं पुडिंगही नाही. सिस्टरांना हा जातीचा ताठा वाटला. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या पूर्वजांची जी रीत ख्रिस्ताच्या आड येत नाही ती मी का सोडू? चर्चची परंपरा नाकारणारी बाई ताटातली परंपरा सोडायला तयार नव्हती. तिला विरोध परंपरेला नव्हताच. परंपरेने हुकूम सोडण्याला होता.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल एकटीने मराठीत आणायला घेतलं. साध्या बाईला कळावं असं, आणि देवळारावळांचा वास असलेले शब्द टाळून. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या सदनातल्याच बाया. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं. ग्रंथ आणि वाचणारी, मध्ये कुणी नाही, या विचाराचं याहून टोकाचं उदाहरण मला माहीत नाही. आणि तरी हिब्रू शिकायला व्याकरण लागतं, कोश लागतो; ते कुठल्यातरी परंपरेनेच जपलेलं असतं. रमाबाईंनी मध्यस्थ काढून टाकले नाहीत, स्वतः निवडले.

संस्थेला मात्र असं एकट्याने निवडता येत नाही. तिला ठराव करावे लागतात. असा एक मोठा ठराव नागपुरातच अमलात आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. अँग्लिकन होते, स्कॉटिश वगैरे मिशनांतून आलेली युनायटेड चर्च होती, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट वाटाघाटींत शेवटपर्यंत होते आणि ऐन वेळी मागे सरले.

अडचण प्रेरणेची नव्हती. शास्त्र श्रेष्ठ, यावर सहाही एकमत. अडचण ही, की तेच शास्त्र वाचून अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात आणि बॅप्टिस्ट म्हणतात, विश्वास धरता येईल तेव्हाच, आणि पाण्यात बुडवूनच. एकच वचन, दोन परंपरा. नागपूरच्या ठरावाने निवाडा केला नाही, दोन्ही रिती पर्यायी म्हणून स्वीकारल्या. ज्या पाळकाच्या मनाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर सक्ती नाही; दुसऱ्या पाळकाला बोलवायचं. बिशप असतील, पण बिशपपदाचा अर्थ अमुकच लावा असं बंधन नाही. कुणाला यात मेंगळटपणा दिसेल. मला यात फार व्यवहारी शहाणपण दिसतं, पण त्याची किंमत असते आणि ती घराघरांत मोजली जाते.

प्रोटेस्टंट शेजाऱ्यांचे आजोबा स्कॉटिश मिशनचे, शेजाऱ्यांची बायको बिलासपूरकडच्या डिसायपल्सच्या घरातली. थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा तिसऱ्या महिन्यात झाला, आजोबांच्या रितीने. धाकटीच्या वेळी तिच्या आईने ऐकलं नाही. धाकटी सतरा वर्षांची झाल्यावर स्वतः म्हणाली तेव्हा पाण्यात उतरली. त्या दिवशी थोरली घरी येऊन म्हणाली, मलापण परत घ्यायचाय. पाळकांनी नाही म्हटलं. एकदा झाला तो झाला, दोन्ही सारखेच. ती महिनाभर उपासनेला गेली नाही.

‘‘आता?’’ आईने विचारलं.

‘‘आता जाते, काकू. पण मागच्या बाकावर बसते.’’

उठताना त्यांनी कॅथलिक शेजाऱ्यांचं जाडं बायबल हातात घेतलं आणि आठवडाभर नेऊ का म्हणून विचारलं. त्या कुत्र्याचं पुढे काय होतं ते पाहायचं होतं.