ऊस वाहतुकीच्या जुन्या ट्रकवरील सदोष फेरफार कसे काढावेत?

भवानीनगर येथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले म्हणजे आसपासच्या रस्त्यांवर उसाचे ट्रक, ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची रहदारी रात्रंदिवस चालू असते. ऊस वाहतुकीसाठी जुना ट्रक घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पूर्वीच्या मालकांनी करविलेले फेरफारही येतात. जादा पाटे, वाढविलेला हौदा, जादा दिवे व प्रेशर हॉर्न हे त्यांतील नेहमीचे होत. गाडी सुरळीत चालते तोवर त्यांतील दोष ध्यानात येत नाही. भरलेली गाडी एकाएकी थांबविण्याचा प्रसंग आला म्हणजे तो उघड होतो, आणि तेव्हा पुढे बैलगाडी असू शकते. म्हणून हे फेरफार हंगामापूर्वीच पुढील क्रमाने काढावेत.

१. ब्रेकची हवा

हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये प्रेशर हॉर्नची नळी पुष्कळदा ब्रेकच्याच टाकीला जोडलेली आढळते. तिचा जोड सैल झाल्यास ब्रेकची हवा निघून जाते. ट्रक सपाट जागी उभा करून चाकांना ठोकळे लावावेत, इंजिन बंद करावे व टाकीतील सर्व हवा सोडावी. मगच जोड काढून त्या जागी त्याच आट्यांचे धातूचे बूच घट्ट बसवावे. चिंधी किंवा रबरी नळीचा तुकडा कोंबू नये. नंतर हवा पूर्ण भरून इंजिन बंद करावे व दाबाच्या काट्याकडे लक्ष द्यावे. काटा उतरू लागल्यास साबणाचे पाणी लावून गळती शोधावी.

२. विजेच्या तारा

बॅटरीवरून फ्यूजशिवाय थेट ओढलेली तार तापते, तिचे आवरण वितळते आणि हौद्यात अडकलेले वाळके पाचट पेट घेऊ शकते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. जादा दिव्यापासून मागे बॅटरीपर्यंत एकेक तार तपासावी, मूळ तारांना चिठ्ठ्या बांधाव्यात व जादा तारा काढाव्यात. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्ट गाडीत एकाच बॅटरीवरून रेडिओ चालविला असल्यास तो जोडही काढावा. त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या सारख्या भरल्या जात नाहीत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही घालू नये.

३. जादा पाटे

पाटे वाढविल्याने ट्रकची क्षमता वाढते, हा गैरसमज होय. आस, टायर व ब्रेक पूर्वीचेच राहतात. शिवाय रिकामी गाडी उसळते व ब्रेक लावताच चाके घसरतात. पाटे काढताना ट्रक रिकामा असावा व सांगाड्याखाली भक्कम घोड्या लावाव्यात. केवळ जॅकवर विसंबून खाली शिरू नये. पाटे ताणलेले असल्याने मधला बोल्ट काढण्यापूर्वी ते शिकंजात आवळून धरावेत. पाट्यांची संख्या निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे व दोन्ही बाजूंस सारखी ठेवावी. यू-बोल्ट नवे वापरावेत व पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळावेत.

४. सांगाडा व हौदा

सांगाड्यावरील वेल्डिंग घरी किंवा गावच्या भट्टीवर गॅसने कापू नये. उष्णतेने पोलादाची ताकद कमी होते आणि वेल्डच्या टोकापासून तडे सुरू होतात. हे काम निर्मात्याच्या अधिकृत कार्यशाळेतच करवावे. पाचरी, ठिगळे व तिरपी भोके यांच्याभोवतीची धूळ पुसून तडे आहेत काय, एवढे मात्र मालकाने स्वतः पाहावे.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तोडणी सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रकमालकांना एकत्र बोलावून वरील चारही बाबी समजावून द्याव्यात. काढलेले सदोष भाग दुसऱ्या गाडीस लावण्यासाठी विकू नयेत, तर मोडीत काढावेत. अन्यथा एका गाडीचा धोका दुसऱ्या गाडीवर जाईल.