उकळल्याने विष जात नाही

ठाण्याच्या खाडीकाठी करावे व दारावे ही जुनी गावे आहेत. भातशेती व मासेमारी हे येथील आगरी-कोळ्यांचे पूर्वापार व्यवसाय होत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहिली आणि ह्या गावांना लागून सीवूड्सची दाट वस्ती वसली. अशा वस्तीला लागणारे दूध बहुतांशी दूरच्या गोठ्यांतून आणि बांगडा-सुरमईसारखी मासळी बंदरावरून येते. वाटेत जितके तास अधिक जातात, तितकी जंतूंना संधी अधिक मिळते.

‘चांगले उकळले की दोष जातो’ ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. जंतू जिवंत असतो. पुरेशा उष्णतेने तो मरतो. त्याने अन्नात सोडलेले विष जिवंत नसते. म्हणून ते मारता येत नाही. बोटुलिनम हे जहाल विष उकळल्याने निकामी होते, परंतु सर्वच विषांचे तसे नाही.

स्टॅफिलोकॉकस हा जंतू माणसाच्या नाकात, पिकलेल्या जखमेत व ‘दगडी’ झालेल्या जनावराच्या कासेत असतो. दूध उबदार राहिल्यास तो वाढतो व उकळीतही टिकणारे विष सोडतो. असे अन्न पोटात गेल्यावर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या होतात. बॅसिलस सेरियसची बीजे भात शिजवताना मरत नाहीत. भात तसाच राहिला तर ती रुजतात, आणि त्या जंतूचे उलट्या करणारे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. बांगडा, सुरमई, कुपा ही मासळी बर्फाविना राहिल्यास जंतू तिच्यात हिस्टामिन तयार करतात. तळल्याने वा खारवल्याने तेही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर पित्त उठते.

२००० साली जपानमधील ओसाका भागात दूध पिऊन तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. एका कारखान्यात वीज गेल्याने दूध काही तास उबदार राहिले होते. त्याची भुकटी झाली, तिच्यापासून पुन्हा दूध बनले. उष्णतेने जंतू मेले, विष राहिले.

सबब खरा उपाय चुलीपूर्वीचा आहे. धार काढण्यापूर्वी हात व सड धुऊन कोरडे करावेत. दगडी झालेल्या जनावराचे दूध चांगल्या दुधात मिसळू नये. दूध काढताच थंड करावे. मासळीवर होडीतच, तिच्या वजनाइतका बर्फ घालावा. भात लागेल तितकाच शिजवावा. उरलेला दोन तासांच्या आत थंड पेटीत ठेवावा. हातावर गळू वा पिकलेली जखम असणाऱ्याने पंगतीचा स्वयंपाक करू नये.

विषबाधा झाल्यास जलसंजीवनी घोट घोट पाजावी. लहान मूल, वृद्ध वा गरोदर स्त्री आजारी असल्यास, तसेच नजर अंधुक झाल्यास किंवा लघवी बंद झाल्यास, रुग्णाला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गोठ्यात, बंदरावर व लग्नघरी समजावून सांगावी. अशी विषे बहुधा रंग, वास वा चव बदलत नाहीत. म्हणून शंका आलेले अन्न उकळून पाहू नये, चाखूनही पाहू नये. ते टाकून द्यावे.