ज्येष्ठ स्त्रियांमधील ड जीवनसत्त्वाची पातळी आणि जनुकीय विविधता

प्रस्तावना :
एकाच गावात राहणाऱ्या, समान वयाच्या व सारखाच आहार घेणाऱ्या दोन ज्येष्ठ स्त्रियांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी भिन्न असू शकते. ऊन आणि आहार यांच्या आधारे या भिन्नतेचा पूर्ण उलगडा होत नाही. तिच्यात जनुकीय विविधतेचाही वाटा असतो. या वाट्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वार्धक्य आणि ड जीवनसत्त्व :
सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे त्वचेतील ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यापासून ड जीवनसत्त्व तयार होते. वाढत्या वयाबरोबर त्वचेतील हे द्रव्य घटते आणि घराबाहेरील वावरही मंदावतो. त्यातच रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडांची झीज वेगाने होते. ड जीवनसत्त्व कॅल्शियमच्या शोषणास आवश्यक असल्यामुळे त्याची उणीव या वयात अधिक गंभीर ठरते.

जनुकांचे कार्य :
युरोपीय वंशाच्या सुमारे ३४,००० व्यक्तींचा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तीन जनुके ठळकपणे पुढे आली.

१) डीएचसीआर-७ : या जनुकाचे विकर त्वचेतील मूळ द्रव्याचे कोलेस्टेरॉलमध्ये रूपांतर करते. परिणामी ड जीवनसत्त्वासाठी उपलब्ध असणारा कच्चा माल कमीअधिक होतो.
२) सीवायपी-२आर१ : यकृतात ड जीवनसत्त्वाचे २५-हायड्रॉक्सी रूप तयार करणारे विकर या जनुकावर अवलंबून असते. रक्ततपासणीत मोजले जाते ते हेच रूप होय.
३) जीसी : हे जनुक ड जीवनसत्त्वाला रक्तातून वाहून नेणारे प्रथिन घडविते.

या जनुकांची प्रतिकूल रूपे सर्वाधिक असलेल्या गटात अपुऱ्या पातळीची शक्यता ती सर्वांत कमी असलेल्या गटाच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळली. २०२० मध्ये ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात अशी १४३ जनुकीय स्थाने नोंदविली गेली. मात्र त्यांतील बहुतेकांचा स्वतंत्र प्रभाव अल्प आहे.

मोजमापाचा अर्थ :
जीसी जनुकाच्या बाबतीत एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो. रक्तातील बहुतांश ड जीवनसत्त्व प्रथिनांशी बद्ध असते. मुक्त अंश एक टक्क्याहूनही कमी असतो. या प्रथिनाच्या जीसी-२ रूपात वाहक प्रथिनाचे प्रमाण व एकूण पातळी दोन्ही सामान्यतः कमी आढळतात. अशा स्त्रीच्या अहवालातील आकडा कमी असला, तरी मुक्त अंश त्याच प्रमाणात घटलेला असेलच असे नाही. म्हणून केवळ आकड्यावरून हाडांच्या दुर्बलतेचा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

गोळ्यांच्या सरसकट वापराबाबतही हाच विवेक हवा. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ प्रौढांचा समावेश होता. त्यांतील स्त्रिया ५५ वर्षांच्या वा त्याहून अधिक वयाच्या होत्या. हाडे ठिसूळ असणे किंवा ड जीवनसत्त्व कमी असणे ही तिच्यात प्रवेशाची अट नव्हती. रोज २,००० एककांची मात्रा देऊनही अस्थिभंगाचे प्रमाण घटले नाही, असे २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दिसले. अर्थात, खरी कमतरता असणाऱ्या रुग्णांना उपचार अनावश्यक ठरतात, असा याचा अर्थ नाही.

समारोप :
जनुके ड जीवनसत्त्वाच्या पातळीचा कल ठरवितात, भवितव्य नव्हे. शिवाय वरील दोन्ही जनुकीय अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले आहेत. त्वचेचा वर्ण, पेहराव व आहार भिन्न असणाऱ्या भारतीय स्त्रियांना त्यांतील प्रमाणे जशीच्या तशी लावता येत नाहीत. ज्येष्ठ स्त्रीच्या आरोग्याचा विचार करताना अहवालातील आकड्यासोबत तिचे वय, हाडांची स्थिती, पूर्वीचा अस्थिभंग आणि दैनंदिन जीवन यांचा एकत्रित विचार होणे अगत्याचे आहे.